10 फुटी बंद ट्रेलर, दातांचा दवाखाना आणि किती टनाचा एसी: कोल्हापुरातलं एक प्रकरण

मी कोल्हापुरात एसीची कामं करतो, घरं, दुकानं, बँकांचे एटीएम, थोडं कोल्ड रूमचं. हे काम जरा वेगळं होतं म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं लिहून ठेवतोय, कारण फिरता दवाखाना, फिरतं सलून, फिरतं मोबाइल रिपेअरिंग अशा छोट्या बंद ट्रेलरबद्दल हल्ली बरेच लोक विचारतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "किती टनाचा लागंल?"

या मॅडम दाताच्या डॉक्टर. शहरात त्यांचा दवाखाना आहे, पण शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, आजरा या बाजूच्या शाळांमधून मुलांच्या दातांची शिबिरं घ्यायची त्यांची मनापासून इच्छा. आतापर्यंत वर्गात बेंचवर बसवून तपासायच्या, कीड दिसली तर "कोल्हापूरला घेऊन या" म्हणायचं आणि त्यातली बरीच मुलं कधी यायचीच नाहीत. म्हणून जागेवरच दात भरता यावा यासाठी बोलेरोमागे ओढता येईल असा बंद ट्रेलर त्यांनी उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरकडं करायला टाकला. आतून 10 फूट लांब, 6 फूट रुंद, साडेसहा फूट उंच. आत एक खुर्ची, एक छोटं कपाट, बेसिन, डॉक्टर, मदतनीस मुलगी, पेशंट आणि पेशंटबरोबर आई नायतर गुरुजी. म्हणजे चार माणसं धरायचीच.

मला बोलावलं तेव्हा एप्रिल चालू होता. सांगाडा एमएस चौकोनी पाइपचा, त्याला बाहेरून पत्रा मारलेला, आतून नुसता प्रायमर. बाहेर 38 डिग्री, उन्हात उभा असलेला ट्रेलर उघडून थर्मामीटर धरला तर आत 46, आणि छताच्या पत्र्याला आतल्या बाजूनं तापमान मोजायची गन लावली तर 60 च्या आसपास. मॅडमना एका दुकानातून दीड टनाचा आकडा मिळाला होता आणि खरं सांगायचं तर त्या दुकानदाराचं काही चुकलं नव्हतं, जसा डबा होता त्याला दीड टनच लागला असता. प्रश्न डब्याचा होता, आणि अजून आतलं अस्तर लागलेलं नव्हतं ही नशिबाची गोष्ट, कारण एकदा आतून शीट चिकटवली की मग भिंतीत काही भरायला कोण तयार होत नाही.

आता हिशोब सांगतो, कंटाळा करू नका, सगळं प्रकरण यावरच फिरतं. एक टन म्हणजे तासाला 12,000 बीटीयू (बीटीयू हे उष्णतेचं एक माप), म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता तासन्‌तास बाहेर फेकायची ताकद. या ट्रेलरच्या चार भिंती मिळून 19 चौरस मीटरच्या वर, छत साडेपाच. नुसता पत्रा असला की ऊन लागलेल्या छतातून आणि भिंतींतून मिळून भर दुपारी 3 किलोवॅटच्या वर उष्णता आत येते. माणसं चार, प्रत्येकी सव्वाशे वॅटच्या आत धरली तर साधारण 450 वॅट. लाइट, खुर्ची, बाकीची उपकरणं मिळून 250. आणि बाहेरची ताजी हवा आत घ्यायची ती थंड करायला 600. सगळं मिळून साडेचार किलोवॅट, म्हणजे सव्वा टनाच्या वर, दुकानात मग दीडच सांगणार.

पण यातले तीन किलोवॅट पत्र्यातून येतायत! माणसं कमी करता येत नाहीत, हवा कमी करता येत नाही, दाताचं काम आहे, पत्र्याचं मात्र करता येतं. छताला 50 एमएम पफ (उष्णता अडवणारा कडक फोम), भिंतींना 40 एमएम पफ, फ्लोअरच्या प्लायखाली 25 एमएमची एक्सपीएस शीट, म्हणजे थर्मोकोलच्या जातीचीच पण कडक. असं केलं की तीन किलोवॅटचे 600 वॅट होतात, आणि ते मी सांगाड्याच्या पाइपमधून येणारी उष्णता धरून सांगतोय, नुसत्या पफच्या कागदावरच्या आकड्यावर गेलो असतो तर अजून कमी दिसलं असतं. एकूण बेरीज 1.9 किलोवॅट. साडेचारवरून 1.9 वर आलो, आणि अजून एसी विकतसुद्धा घेतलेला नाही.

पाइपचं जरा सांगतो कारण ह्याच्याकडं कुणी बघत नाही. पफ भरला तरी लोखंडी पाइप बाहेरच्या पत्र्यालापण चिकटलेला आणि आतल्या शीटलापण, मग उष्णता त्याच वाटेनं येते आणि पावसाळ्यात एसी चालू असताना उलटं होतं, आतली थंडी पाइपातून बाहेर जाते, बाहेरच्या दमट हवेत तिथं घाम सुटतो आणि पाइप आतून गंजायला लागतो. म्हणून प्रत्येक पाइपच्या आतल्या तोंडावर 9 एमएम नायट्राईलची (रबरी फोमची) पट्टी चिकटवून मग त्यावर शीट मारली. आमच्याकडं कॉपरला गुंडाळायला नायट्राईल असतंच, त्याच रोलमधून काढलं. फॅब्रिकेटर मामा आधी कुरकुरले, "एवढ्याशा पट्टीनं काय हुतंय?" पण ते स्वतः दुधाच्या आणि आइस्क्रीमच्या गाड्यांच्या बॉड्या बांधलेले माणूस, गोकुळ आणि वारणा यांच्यामुळं आपल्या जिल्ह्यात इन्सुलेटेड बॉडीचं काम जुनं आहे, एकदा पाइपावरच्या घामाचा विषय काढला तर लगेच त्यांच्या ध्यानात आलं. कोल्हापुरात हे काम करायचा हाच फायदा आहे, पफ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

छताला बाहेरून पांढरा रंग मारला आणि दोन इंच वर दुसरा पत्रा टाकला, मध्ये हवा खेळती. ऊन वरच्या पत्र्यावर पडतं, खालच्याला सावली मिळते. हे मी हिशोबात धरलं नव्हतं, वरचा फायदा म्हणून ठेवलं.

आता कुठल्या प्रकारचा एसी. मॅडमनी स्वतः बराच अभ्यास केला होता आणि त्यांच्याकडं चार-पाच पर्याय होते. कूलर आधीच बाद, कारण एप्रिलच्या कोरड्या दुपारी तो चालेलही, पण जूनपासून इथं हवाच ओली, आणि दातांच्या दवाखान्यात ओलावा वाढवून चालत नाही. चाकं असलेला पोर्टेबल एसी, ज्याची एकच जाड नळी खिडकीतून बाहेर जाते, तो मला अजिबात पटत नाही, कारण तो खोलीतलीच थंड हवा ओढून नळीतून बाहेर टाकतो आणि तेवढीच गरम हवा, धुळीसकट, दाराच्या फटीतून आत येते. परदेशात कॅम्पिंगच्या गाड्यांच्या छतावर बसतात ते रूफटॉप युनिट छान असतात, मजबूतपण असतात, पण आपल्याकडं मागवून घ्यायचे म्हणजे महाग आणि उद्या पीसीबी गेला तर गडहिंग्लजच्या शाळेत मॅडम बसणार आणि पार्ट कधी येईल सांगता येत नाही. ट्रकच्या केबिनला बसतात तसे 24 व्होल्टचे बॅटरीवरचे एसीपण पाहिले. नव्या मध्यम आणि मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी 2025 मध्ये सक्तीचा झालाय, त्यामुळं पुढं याची दुरुस्ती करणारे वाढतील असं मला वाटतं, पण त्याला बॅटरीचा मोठा खर्च होता.

राहिले दोन, विंडो आणि स्प्लिट. इथं माझं मन खरंच दोन्हीकडं होतं. विंडो एसीची मोठी जमेची बाजू म्हणजे त्याचं सगळं कॉपर कंपनीतच ब्रेझिंग करून, म्हणजे झाळून बंद केलेलं, एकही फ्लेअर नट नाही (पाइपाचं तोंड पसरवून त्यावर आवळतात तो नट). करूळ घाटाच्या नायतर शाहूवाडीतल्या आतल्या रस्त्यांवर ट्रेलर उडणार म्हणजे सांधे जेवढे कमी तेवढं बरं. बसवायलाही सोपा. पण पाऊण टनाचा साधा विंडो एसी चालताना 4 अँपिअर घेतो आणि कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-पाच पट ओढतो. शाळेतली लाइन म्हणजे लांबून आलेली, व्होल्टेज 190 च्या आसपास, कधी त्याच्याही खाली. तिथं साधा कॉम्प्रेसर घुर्रर्र करून ट्रिप होतो आणि असं पुन्हा पुन्हा झालं की जळतो. शिवाय सगळा आवाज केबिनच्या आत, आणि दाताला घाबरलेलं आठ वर्षांचं पोर खुर्चीत बसलंय तिथं कॉम्प्रेसरचा दणका नको हे मॅडमचं म्हणणं मला एकदम पटलं.

म्हणून इन्व्हर्टर स्प्लिट, 0.8 टन, 3 स्टारच. इन्व्हर्टर हळूहळू वेग घेत सुरू होतो, सुरुवातीचा झटका नाही, आणि कमी व्होल्टेजला किती खाली चालतो हे बॉक्सवर लिहिलेलं असतं ते वाचूनच मॉडेल ठरवलं. ताकद 2.7 किलोवॅटच्या आसपास, आपली गरज 1.9, म्हणजे तापलेला डबा थंड करायला वर शिल्लक आहे. एक टन घ्या की, असं दोघा-तिघांनी सुचवलं. पण ट्रेलरमध्ये प्रत्येक किलो आणि प्रत्येक वॅट मोजावा लागतो, आणि गरजेपेक्षा मोठा एसी पावसाळ्यात हवा पटकन गार करून दम धरतो, ओलावा मात्र काढत नाही, आतलं वातावरण चिकट राहतं. 5 स्टारचा जादा पैसा वर्षात थोडेच दिवस चालणाऱ्या एसीत वसूल झाला नसता, तो पफमध्ये घातला. 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला त्याचाही हातभार लागला.

आउटडोअर कुठं ठेवायचा यावर एक अख्खी दुपार गेली. मागच्या दाराजवळ मोकळी जागा होती आणि फॅब्रिकेटरना तिथंच सोपं पडत होतं, पण मी आणि मॅडमचा ड्रायव्हर दोघंही नाही म्हणालो. ट्रेलरचं वजन मागं गेलं की हुक हलका होतो आणि हायवेला वेग घेतला की ट्रेलर डावी-उजवीकडं झुलायला लागतो, ते एकदा सुरू झालं की सावरणं अवघड. एकूण वजनाच्या 10 टक्क्यांच्या आसपास हुकावर यावं हे धरून खुर्ची एक्सलच्या किंचित पुढं आणि आउटडोअर पुढं, हुककडं जाणाऱ्या तिकोनी फ्रेमवर. आउटडोअर आडवा ठेवला, म्हणजे पंख्याचं तोंड बाजूला. पुढं तोंड केलं असतं तर पळताना वाऱ्यानं बंद पंखा गरागरा फिरला असता, ते मोटर आणि पीसीबी दोघांनाही चांगलं नाही, आणि भिंतीकडं तोंड केलं असतं तर गरम हवा कोंडली असती. समोर जाळी, बोलेरोच्या चाकांतून उडणाऱ्या खड्यांसाठी. कॉइलच्या मागं पुरेशी मोकळी जागा सोडली, कारण धूळ बसल्यावर ब्रश फिरवायला हात गेला पाहिजे.

कंपनांचं काम सगळ्यात मन लावून केलं. घरात स्प्लिटचा आउटडोअर हलत नाही, इनडोअर हलत नाही, मधलं कॉपर भिंतीवर शांत पडलेलं असतं. इथं तीनही वेगवेगळे हलणार. कॉपर सारखं हललं की कडक होतं आणि मग नेमकं फ्लेअरच्या मानेशी चिरतं. म्हणून आउटडोअरच्या वाल्व्हपासून निघाल्यावर लगेच पाइपचा एक मोठा गोल वळसा दिला, हलणं त्या वळशात जिरतं. पुढं भिंतीत शिरताना रबरी ग्रोमेट, दर फुटाला रबर लावलेला क्लॅम्प. इनडोअरकडचे दोन्ही सांधे फ्लेअर न करता पाइपातून नायट्रोजन वाहता ठेवून ब्रेझिंग केले. आउटडोअरचे फ्लेअर नट टॉर्क पान्यानंच घट्ट केले, हाताच्या अंदाजानं पाव इंचीचा नट जास्त आवळला की फ्लेअर पातळ होते आणि घाटातल्या पहिल्याच फेरीत गॅस जातो. आउटडोअरखाली रबर पॅड आहेत पण कडक, मऊ पॅडवर तो खड्ड्यात नाचतो, आणि सगळीकडं नायलॉक नट, जे हादऱ्यानं ढिले होत नाहीत. नायट्रोजन भरून रात्रभर प्रेशर ठेवलं, सकाळी काटा तिथंच. मग ट्रेलर तसाच प्रेशरमध्ये ठेवून पन्हाळ्यापर्यंत ओढून आणला आणि परत काटा बघितला. नंतरच व्हॅक्युम, म्हणजे पाइपातली हवा आणि ओल ओढून काढली, 500 मायक्रॉनच्या खाली, आणि गॅस सोडला.

इनडोअर युनिट घरात फक्त वरच्या पट्टीच्या दोन-तीन हुकांवर टांगलेलं असतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. रस्त्यावर ते उचकटून खाली येणार, खाली खुर्ची! म्हणून पट्टीमागं सांगाड्याच्या दोन पाइपांना जोडून 18 एमएम प्लाय घेतला आणि युनिटच्या खालच्या बाजूला दोन अँगल दिले, ते युनिटला वर उचलू देत नाहीत. पुढचं झाकण आणि फ्लॅप प्रवासात वाजतात, त्यावर एक वेल्क्रोची पट्टी, मदतनीस मुलगी निघताना लावते.

मॅडमना गॅसची काळजी होती, आर-32 पेटतो म्हणतात ना. रास्त शंका आहे. पेटू शकतो, पण त्यासाठी एक घनमीटर हवेत साधारण 300 ग्रॅम तरी मिसळावा लागतो. या एसीत गॅस अर्धा किलोच्या थोडा वर, केबिन 11 घनमीटर, म्हणजे सगळाच्या सगळा आत सुटला तरी घनमीटरला 50 ग्रॅम. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठू शकतो, म्हणून एक्झॉस्टची एक जाळी मुद्दाम खाली दिली.

ताजी हवा हा मात्र जीवाशी निगडित विषय आहे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तीच ती फिरवतो, आणि दात कोरताना तोंडातल्या थेंबांचा फवारा हवेत उडतो, तो पुढच्या मुलाच्या श्वासात जायला नको. संसर्गाच्या पेशंटच्या खोल्यांना तासाला 12 वेळा हवा बदलावी असा निकष आहे, तोच आम्ही धरला. 11 घनमीटरला तो तासाला 132 घनमीटर होतो, 6 इंची एक्झॉस्ट हे आरामात करतो. हवा आत येताना डॉक्टरांच्या पाठीमागून, फिल्टरमधून येते आणि पेशंटच्या पायाकडून बाहेर जाते. ड्रिल चालू असताना पंखा फुल, नुसती तपासणी असली की कमी. जून-जुलैत बाहेर ऊन नसतं पण ही आत येणारी हवा इतकी ओली असते की तिचं पाणी काढायलाच एक किलोवॅटभर लागतो, त्यामुळं गगनबावड्याच्या पावसातसुद्धा या एसीला सुट्टी नाही.

निर्जंतुकीकरणाचा ऑटोक्लेव्ह आधी ट्रेलरमध्ये होता, दीड-दोन किलोवॅटचा आणि वर वाफ. मी विचारलं, मॅडम, हे शहरातल्या दवाखान्यात करून सील पाकिटातून अवजारं आणता येतील का? त्यांनी एका दिवसाच्या मुलांचा हिशोब करून जादा सेट घेतले. खुर्चीचा एअर कॉम्प्रेसर बाहेरच्या पेटीत गेला. उष्णता, वाफ, आवाज तिन्ही बाहेर.

वीज. ट्रेलर म्हणजे रबरी टायरवर उभा लोखंडी डबा, त्याला आपोआप अर्थिंग नाही. वायर कुठं सोलली तर सगळा पत्रा जिवंत होतो आणि बाहेरून हात लावणारी शाळेची पोरं, पावसाळ्यात अनवाणी. म्हणून 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज कुठं गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच), 2.5 स्क्वेअरची तीन कोअर केबल, आणि शाळेच्या सॉकेटला अर्थ खरंच आहे का हे टेस्टरनं बघितल्याशिवाय प्लग लावायचा नाही. अर्थ नसला तर आमचा स्वतःचा रॉड जमिनीत ठोकायचा, त्याची पेटी ट्रेलरमध्येच असते. प्लग 16 अँपिअरचाच, 6 चा नाही. केबल ड्रमवरून पूर्ण उलगडायची, गुंडाळलेली ठेवली तर ती आतून तापते.

जिथं वीजच नाही तिथं 3 केव्हीएचा पेट्रोल जनरेटर. क्रम ठरवून दिलाय, आधी एअर कॉम्प्रेसरची टाकी भरून घ्यायची, त्याची मोटर सुरू होताना मोठा झटका घेते, मग एसी. जनरेटर ट्रेलरपासून 20 फूट लांब आणि वारा ट्रेलरकडून त्याच्याकडं वाहील अशा बाजूला, ताज्या हवेच्या जाळीकडं तर अजिबात नाही, कारण त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद केबिनमध्ये चार माणसं आहेत. आत त्याचा अलार्म बसवलाय. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बऱ्याचदा कशालाच जोडलेला नसतो, मग आरसीसीबी असूनही ट्रिप होत नाही, हे इलेक्ट्रिशियनकडून जनरेटरच्या बाजूला नीट करून घेतलं. हे ज्याचं त्यालाच करू द्या, लाइनवर चालताना तीच जोडणी धोक्याची.

आता निकाल. पुढच्या उन्हाळ्यात मलकापूरकडच्या एका शाळेच्या मैदानात, झाड नाही, बाहेर 37, आत चार माणसं, एक्झॉस्ट फुल, सेटिंग 25 वर आणि आत 25 ते 26. क्लॅम्प मीटरवर अडीच ते तीन अँपिअर. शाळेची लाइन 188 व्होल्ट दाखवत होती आणि एसी निवांत चालू. मुलं घामाघूम होत नाहीत, मॅडमच्या हातमोज्यात पाणी साठत नाही, आणि दात भरायचं मटेरियल उन्हात मऊ पडतं ती त्यांची जुनी तक्रारही गेली. गुरुजी स्वतः दोनदा आत येऊन बसून गेले.

थोडी डोकेदुखी ड्रेनची होती. ट्रेलर प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कलानं उभा राहतो, इनडोअरचं पाणी कधी उजव्या बाजूला साठायचं. दोन्ही बाजूंना ड्रेन काढले आणि हुकाजवळ एक स्पिरिट लेव्हल चिकटवली, ड्रायव्हर जॅकनं बुडबुडा मध्ये आणतो मगच दार उघडतात. उसाच्या सीझनला रस्त्याला धूळ फार, तेव्हा कॉइल पंधरवड्याला फुंकून घ्यावी लागते. आणि दिवस संपला की एसी बंद करून नुसता पंखा 20 मिनिटं चालवायचा, नाहीतर बंद ट्रेलरमध्ये ओल्या कॉइलला बुरशीचा वास येतो.

मॅडमना आता जनरेटरच नको झालाय, आवाजामुळं. त्या सोलरबद्दल विचारत होत्या. वर 540 वॅटचं एकच पॅनल लांबीत बसतं, दोन बसवायला छताची रुंदी पुरत नाही, आणि एका पॅनलवर दुपारीसुद्धा 400 वॅटच्या आसपास मिळतील, एसीला 550 लागतात. पण 48 व्होल्ट 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे 4.8 युनिट, रात्री दवाखान्यात चार्ज करून नेली तर एकट्या एसीला सात-आठ तास पुरते, पॅनलनं दिवसा भर पडेल ती वेगळी. वजन 45 किलोच्या आसपास, ते एक्सलच्या पुढंच बसवावं लागणार. खर्च लाखाच्या पुढं जातो म्हणून आधी या सीझनला जनरेटरवर किती दिवस जातात ते मांडून बघा असं मी सांगितलंय, वही ड्रायव्हरकडं आहे, दिवाळीनंतर बसून ठरवणार आहोत.